मगरेमामांचं कॉफीचं जर्नल

या शहरातली सगळ्यात चांगली कॉफी कुठं मिळते, असं कुणी विचारलं तर मी पत्ता सांगत नाही. एकतर ती विकत मिळत नाही. आणि दुसरं म्हणजे पत्ता सांगितला तर लोक खरंच जातील आणि मग मला माझा कप मिळायचा नाही. ती पुंडलिकनगरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, साहेबराव मगरे यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर होते. एक लोखंडी स्टँड. त्याच्या चिमट्यात अडकवलेलं काचेचं नरसाळं. त्यात घडी घातलेला फिल्टर पेपर, आणि खाली काठाचा टवका उडालेला काचेचा चंबू. खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा चालू आहे. नाहीतर पोलिसांना फोन तरी करावा.

मगरेमामा माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ते बत्तीस वर्षं परिचर होते, आणि लॅबमधल्या परिचराला आमच्याकडं मामाच म्हणतात. सर बदलायचे, प्राचार्य बदलायचे, मामा तेच. पोरांना ते नावानं ओळखत नसत, रोल नंबरानं ओळखत. पुढं वीस वर्षांनी मी त्यांच्याच गल्लीत भाड्यानं राहायला आलो. टेम्पोतून कपाट उतरवत होतो, तेवढ्यात समोरच्या फाटकातून आवाज आला, "चौदा ना रे तू?" मी लॅबमधली ब्युरेट फोडल्याला वीस वर्षं झाली होती, तरी छातीत धस्स झालंच.

मामांचे दोन शब्द सगळ्या कॉलेजला पाठ होते. टायट्रेशनची रीडिंगं मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवायची, ही आमची परंपरा. सरांना ते कधी कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मामा मात्र बाटल्या पुसत पुसत मागं यायचे, वहीत डोकवायचे आणि हळूच म्हणायचे, "पुन्हा कर." चुगली नाही, आरडाओरडा नाही. एकदा मी विचारलं, "मामा, तुम्हाला कळतं कसं?" तर म्हणाले, "तिन्ही वेळा साडेदहा? खोटं रीडिंग लई देखणं असतंय, चौदा. खरं जरा वाकडं असतंय."

आता मामींबद्दल. मालनबाई सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन शहरात आल्या. सातवी पास. आमच्या गल्लीत त्या नाकासाठी प्रसिद्ध होत्या. ओट्यावर गहू निवडत बसलेल्या असायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "तिसऱ्या घरची डाळ लागायली, जा रे, सांगून ये." दूध नासलंय की नाही, तूप खरं की भेसळीचं, लोणच्याला बुरशी येणार की नाही, सगळ्यांच्या वाट्या तपासणीला त्यांच्याकडं. मामा म्हणायचे, "लॅबला मशीन लागतंय. माझ्या घरी मालन हाय."

मला स्वतःला त्याचा त्रास भोगावा लागलेला आहे. एकदा चौकात सिगारेट ओढून, वर बडीशेप चघळून, त्याच्या वर पेरू खाऊन मी गल्लीत शिरलो. मामींनी सूप खाली ठेवलं.

"पेरू गोड हाय का रे?"

"हो ना मामी, छान आहे."

"त्याच्याखाली बडीशेप हाय. अन् तिच्याखाली काय हाय, ते तुझ्या बायकोला तू सांगतो का मी सांगू?"

तर अशा त्या मामी. दुसऱ्या लाटेत नवरा-बायको दोघंही आजारी पडले. मामा दहा दिवसांत उठले. मामींचा ताप गेला, खोकला गेला, आणि त्यांच्याबरोबर वास गेला. पहिले दोन-तीन महिने आम्ही सगळ्यांनी चेष्टाच केली. गल्लीतले सिगारेटवाले तर मोकळेपणानं श्वास घ्यायला लागले. सगळ्यांचा परत येतो, मामींचाही येईल, त्यात काय. सहा महिने झाले. वर्ष झालं. सगळ्यांचा आला.

वास नसला की चव पण जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मामी म्हणायच्या, "भाकर खाल्ली काय अन् पुठ्ठा खाल्ला काय." येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची, आमटी त्यांनी सवयीनं केली, तर मसाला करपलेला. त्यांना कळलंच नाही, आणि आम्ही सगळे "वा वा" करत जेवलो. मामी आमच्या तोंडांकडं बघत होत्या. नंतर त्यांनी येसर केलं नाही. वजन घटत चाललं. जेवायचं ते औषधासारखं, दोन घोट पाण्याबरोबर.

मग एक दिवस गॅसवर दूध उतू गेलं आणि ज्योत विझली. मामी शेगडीपासून चार हातांवर बसून तूरडाळ निवडत होत्या. बाहेरून आलेल्या मामांना फाटकातच वास आला. ते चपलांसकट आत धावले. त्यांनी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आणि भिंतीला टेकून खाली बसले. मामी विचारतात, "काय झालं? असं कामून पळत आलात?"

पुण्याला असलेल्या करुणानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, फोनवर बजावलं, "आईनं गॅसजवळ जायचं नाही. नाहीतर दोघांना उचलून इथं आणते." तिचं काही चुकलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मामींची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आली. चाळीस वर्षं ज्या खोलीत त्यांचा शब्द चालला, तिच्या दाराबाहेर त्या पाहुण्यासारख्या बसायला लागल्या आणि आत मामा भाजीत दोनदा मीठ घालायला लागले.

डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला होता. रोज दोन वेळा, डोळे मिटून, उग्र वासाच्या वस्तू नाकाखाली धरायच्या. लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल, कॉफी. मामांनी एकही दिवस चुकवला नाही. लवंगेचं निरीक्षण: काही नाही. लिंबू: काही नाही. निलगिरी: डोळ्यांतून पाणी, बाकी काही नाही. आणि एका सकाळी, दोन रुपयांच्या पुडीतली पावडर गरम पाण्यात टाकून मामांनी कप पुढं धरला, तर मामी एकदम ताठ बसल्या. "थांबा. आलं. कायतरी आलं." मामांनी कप आणखी जवळ नेला. "गेलं," मामी म्हणाल्या.

बस. तेवढंच. अर्ध्या श्वासाचं काम.

दुसऱ्या कुणी हे मनातल्या मनात जपून ठेवलं असतं आणि सोडून दिलं असतं. मामा लॅबचे. एका रीडिंगवर अनुमान काढायचं नसतं, जुळणारी तीन लागतात, हे त्यांनी बत्तीस वर्षं ऐकलेलं. एक मिळालं होतं. दोन पाहिजे होती.

माळ्यावर त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. निवृत्तीच्या वेळी सगळे शाल देतात, मामांनी त्याऐवजी विभागप्रमुखांकडं डेडस्टॉकमधून खारीज झालेलं सामान मागून घेतलं होतं, रीतसर सहीनं. त्यातलं नरसाळं निघालं, स्टँड निघाला, टवक्याचा चंबू निघाला, थर्मामीटर निघाला. आणि एक दोनशे पानी कोरं जर्नल. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: "उद्देश: मालनला वास येणे."

इथून पुढं आमच्या गल्लीत कॉफीचं जे शास्त्र जन्माला आलं, त्याला तोड नाही. तोवर आमच्याकडं कॉफी म्हणजे काय, तर पाहुण्यानं चहा नको म्हटलं की दुधात पुडी, चार चमचे साखर आणि वर जायफळ. म्हणजे वास कॉफीचा नव्हेच, जायफळाचा. मामांनी जायफळ पहिल्याच दिवशी बाद केलं. "दोन पदार्थ एकत्र केले तर वास कुणाचा आला, हे कसं कळंल?"

मग छावणीतलं दुकान शोधलं. तिथं दक्षिणेकडचे फौजी असतात, त्यांच्यासाठी एक चाचा कॉफीच्या बिया भाजून ठेवतात. चाचांनी विचारलं, "चिकोरी कित्ती मिलाऊं, मामू?" मामांनी मागच्या मागं एक पाऊल घेतलं. "मिलावट? माझ्या तोंडावर विचारता?" चाचांना हसू आवरेना. "मिलावट नै मामू, सब पीते इसकू!" पण मामा शुद्ध मालावर ठाम. पुढं दर पंधरवड्याला मामा दारात दिसले की चाचाच ओरडायचे, "आओ, चिकोरी नक्को!"

एकेक चुका झाल्या. कॉफीत जास्तीत जास्त पाणीच असतं, तेव्हा पाणी शुद्धातलं शुद्ध हवं, असं म्हणून मामांनी डिस्टिल्ड वॉटर वापरलं. त्या कॉफीला काही म्हणता काही चव नव्हती. "मेलेली हाय," मामा म्हणाले. मग नळाचं पाणी. आता आमच्याकडं नळ रोज येत नाही, हे सांगायला नको. तेव्हा जर्नलात एक रकाना वाढला: "पाणी आल्याला किती दिवस." पहिल्या दिवशीच्या पाण्याची कॉफी सगळ्यात उजवी. पाचव्या-सहाव्या दिवशी तिला ड्रमचा वास यायला लागतो. फिल्टर पेपर आधी नुसत्या गरम पाण्यानं धुवायचा, नाहीतर कॉफीला वहीची चव येते. बिया आयत्या वेळी कुटायच्या, रव्याएवढ्या जाड. पंधरा ग्रॅमला सव्वादोनशे मिली पाणी. पाणी उकळून खाली उतरवायचं आणि पारा जरा घसरू द्यायचा. "आपल्या गावात पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतंय, शंभर नाय. चौऱ्याण्णवला ओत." आधी थोडंसं ओतून अर्धा मिनिट थांबायचं. पावडर पुरीसारखी फुगते. मग गोल गोल, घाई न करता. दूध वेगळं गरम करायचं, आणि ज्याला पाहिजे त्यानं वरून घ्यायचं. कॉफी दुधात उकळायची म्हणजे, मामांच्या मते, परीक्षेच्या आदल्या दिवशी जर्नल भिजवणं.

आणि ती कॉफी काय होत गेली म्हणून सांगू! महिन्याला पायरी चढत गेली. मला तर सकाळी साडेसातला पायच तिकडं न्यायचे. गल्लीत वास पसरायचा. दूधवाला कडुबा मोटारसायकल बंद करून, कॅनला हात टेकून नुसता उभा राहायचा. एकदा म्हणाला, "मामा, मी चाळीस घरं दूध घालतो, पण असं कुठंच नाय."

मामा आधी दाराबाहेरच्या खुर्चीपाशी जायचे. मामी डोळे मिटायच्या. मामा कप त्यांच्या नाकाखाली धरायचे आणि आम्ही सगळे, कडुबासकट, श्वास रोखायचो. मामी लांब श्वास घ्यायच्या. मग डोळे उघडून, अपराध्यासारखं, म्हणायच्या, "गरम हाय."

जर्नलात तेच. प्रयोग अठरावा, बी बारीक कुटले. मालन: गरम आहे. प्रयोग चौऱ्याहत्तरावा, पाणी पहिल्या दिवसाचे. मालन: गरम आहे. एकशे तीसला फक्त एक फरक: "मालन: जरा जास्तच गरम आहे."

असं करत साडेतीन वर्षं झाली. दोनशे पानं संपून मागं पुरवण्या शिवल्या गेल्या. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आता फार आशा धरू नका, काका. जेवढा यायचा तेवढा दोन वर्षांत येतो." घरी येऊन मामांनी त्या दिवशीचं पान भरलं. प्रयोगाखाली अनुमान लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं: "अनुमान: दोष कॉफीत आहे. कृती सुधारावी."

जर्नल तिथंच टेबलावर असायचं. आणि मामी रोज दुपारी चष्मा लावून ते वाचायच्या. सातवी पास.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी कप धरला. मामींनी डोळे मिटले, श्वास घेतला, आणि म्हणाल्या, "आला."

"काय?"

"वास आला. कॉफीचा."

मी मामांना कधी पळताना पाहिलं नव्हतं, कारण लॅबमध्ये पळायचं नसतं. त्या दिवशी ते गल्लीभर पळाले. "चौदा! दुसरं रीडिंग आलं! दुसरं!" करुणाला फोन केला. गुलमंडीवर जाऊन एक किलो इमरती आणली. मामींनी इमरती खाल्ली आणि "गोड हाय" म्हणाल्या. आम्हाला तेही वासाचंच लक्षण वाटलं.

चार दिवसांनी मामांनी मला छावणीत बरोबर नेलं. चाचांचं दुकान उघडायचं होतं, म्हणून आम्ही पायरीवर बसलो.

"चौदा, ब्लँक म्हणजे काय?"

मी गडबडलो. इतक्या वर्षांनी तोंडी परीक्षा. "म्हणजे… पदार्थ न घालता तोच प्रयोग करायचा. यंत्रात काही चूक आहे का, बघायला."

"व्हय." मामा रस्त्याकडं बघत राहिले. "मला संशय नव्हता रे. सवय हाय. दुसरं रीडिंग आलं की मधी ब्लँक घ्यायचा. म्हणून परवा नुसतं गरम पाणी धरलं. कपात कायपण नाय. नुसतं पाणी."

"आणि मामी?" मी विचारलं.

"म्हणाली, आज तर कालच्यापेक्षा लई आला."

"मग तुम्ही?"

"साखर राहिली म्हणालो अन् कप आत घेऊन गेलो. तिनं डोळे उघडायच्या आत." चाचा किल्ल्या वाजवत येताना दिसले. मामा उठले, पँट झटकली. "तू सांग आता. पाव किलो घेऊ का अर्धा?"

त्या गरम पाण्याच्या दिवशीचं पान मी नंतर पाहिलं. मामी वाचणार, हे मामांना माहीत होतं. त्यांच्या त्या सरळ, टोकदार अक्षरात लिहिलं होतं: "मालन: वास आला." पाण्याचा उल्लेख नाही. उभ्या आयुष्यात कुणाचं खोटं रीडिंग ज्यांनी चालवून घेतलं नाही, त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं ते पहिलं.

आता वास आला म्हटल्यावर मामी स्वयंपाकघर परत मागणार, हे आलंच. मागितलंही. मामा नाही कसं म्हणणार? मामींची खुर्ची आत गेली. मग मामांनी दारात पाट टाकला आणि तिथं बसून लसूण सोलायला लागले. मामी शेगडीपाशी असेपर्यंत त्यांचा लसूण संपत नाही. आमच्या गल्लीत तेवढा लसूण कुणाकडंच लागत नाही. मामी चिडवतात, "सासूबाईनं पण एवढी राखण केली नव्हती माझी." मामा हसतात. तोंड शेगडीकडंच.

परवा मामा पाण्याची मोटर बघायला बाहेर गेले होते. मामींनी मला खूण केली.

"ए, ऐक. आजची कॉफी कशी हाय रे? वासाला?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "मामी, तुम्हाला तर…"

"शहाणपणा करू नको. नुसतं 'आला, आला' किती दिवस म्हणू? त्यांना संशय येईल. नीट सांग, कसा असतो ते."

कॉफीचा वास कसा असतो, हे ज्याला येत नाही त्याला सांगून बघा. मी कपात नाक घातलं. "येसरासाठी हरभरा भाजता ना मामी, तो करपायच्या जरा आधी येतो तसा. त्याच्यामागं काकवी, चुलीवरची. आणि सगळ्यात शेवटी एक कडवट… जुनं लाकडी कपाट उघडल्यासारखं."

"हरभरा, काकवी, कपाट," मामींनी बोटांवर मोजत पाठ केलं. "कपाट कोणतं? सागाचं?"

"सागाचं."

"जा मग. अन् त्यांना बोललास तर बघ."

दुसऱ्या सकाळी मी गेलो, ते उगीचच गेलो असं वाटतं. मामांनी कप धरला. मामींनी डोळे मिटले, आणि शाळेत कविता म्हणावी तशा, न अडखळता म्हणाल्या, "येसराचा हरभरा करपायच्या जरा आधी येतो बघा, तसा. मागं काकवी, चुलीवरची. अन् शेवटाला कडू, सागाचं जुनं कपाट उघडल्यावानी."

मामांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी ओळखतो. बाटल्या पुसत पुसत मागं येऊन वहीत डोकवायची नजर. देखणं रीडिंग. कुणाच्या जर्नलातून उतरवलं, हेही त्यांना कळलं होतं. मी मान खाली घातली आणि त्या दोन शब्दांची वाट पाहत राहिलो.

तेवढ्यात आतून वास आला. मोहरी जळत होती. मामींनी फोडणीला तेल ठेवलेलं, आणि मोहरी टाकून त्या कॉफीसाठी बाहेर आल्या होत्या. मला आला, मामांना आला. मामी बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसल्या होत्या आणि सांगत होत्या, "आमच्या आईकडं होतं बघा तसलं कपाट, सोयगावच्या बाजारातून आणलेलं…"

"चमचा आणतो," मामा म्हणाले. आत गेले. गॅस बंद झाल्याचा आवाज आला, खिडकी उघडल्याचा आला. एक चमचा घेऊन ते बाहेर आले. तो कुणालाच नको होता. मग त्यांनी जर्नल उघडलं आणि मामी बोलल्या तसं, शब्द न शब्द, उतरवून घेतलं. हरभरा, काकवी, सागाचं कपाट. खाली तारीख टाकली आणि वही माझ्याकडं सरकवली.

"सही कर, चौदा."

मी सही केली. मामींनी उत्सुकतेनं विचारलं, "बरोबर आलं ना रे सगळं?" मी म्हणालो, बरोबर आलं. आणि कॉफी प्यायला लागलो. पाणी पहिल्या दिवसाचं होतं. त्या घरात इतकी चांगली कॉफी त्याआधी कधीच झाली नव्हती.